सापडलेली पत्रं, हरवलेली उत्तरं

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक चित्र वारंवार समोर येतं. गावाबाहेरचा बंद वाडा, दोन मित्र, कोनाड्यात फडक्यात बांधलेलं गाठोडं आणि त्यात जुनी पत्रं. कुणी कुणाला लिहिली ते कळत नाही, लिपी वाचता येत नाही. ‘अरे भो, हे तर घबाडच!’ असं एकजण म्हणतो आणि तिथून पुढे सगळा इतिहास बदलतो. गोष्टीत आणि सिनेमात हे छान दिसतं. अडचण एवढीच, की पीएच.डी.च्या मुलाखतीला येणारे बरेच जण हेच चित्र मनात धरून येतात. ‘एखादं दप्तर हाती लागलं की माझा विषय झाला’, असं त्यांना वाटत असतं.

चित्र अगदीच खोटं नाही. मराठी इतिहाससंशोधनाच्या सुरुवातीला असं घडलेलं आहे, आणि ते ज्यांच्या हातून घडलं ते विश्वनाथ काशीनाथ राजवाडे शेवटी आपल्या धुळ्यात येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. १९२७ साली तिथे त्यांच्या नावाचं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पण जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या पोरांना राजवाडे माहीत असतात ते बहुतेक दंतकथेतूनच: गावोगाव पायी हिंडणारे, हातानं रांधून खाणारे, दप्तरांसाठी लोकांच्या दारात बसणारे, भयंकर रागीट. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्यांचं चरित्र लिहिलं, तेही भक्तिभावानं. भक्तीला माझी हरकत नाही. पण संशोधन शिकायचं असेल तर राजवाड्यांना नमस्कार करून भागत नाही, त्यांचे खंड उघडावे लागतात.

म्हणून आज त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतल्या पहिल्या खंडाबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पत्रं सापडली म्हणजे संशोधन झालं असं नाही. दोन गोष्टी कराव्या लागतात. जी पत्रं सापडली नाहीत त्यांचा हिशेब ठेवायचा, आणि जी सापडली ती अशी मांडायची की उद्या दुसरा कुणी तीच घेऊन तुम्हाला खोडून काढू शकेल. राजवाड्यांनी यातली दुसरी गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर केली. पहिल्या गोष्टीत ते चुकले, आणि त्या चुकीची किंमत एका मेलेल्या माणसानं मोजली.

वाड्यातून खंडापर्यंत

पहिला खंड १८९८ साली निघाला. वाईत राजवाड्यांच्या हाती जुन्या पत्रांचा साठा लागला, त्यातून तो उभा राहिला. विषय १७५० ते १७६१ हा काळ, म्हणजे पानिपतापर्यंतची दहा-अकरा वर्षं. तोवर या काळाबद्दल वाचायचं काय, तर एकीकडे १८२६ साली आलेला ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास आणि दुसरीकडे ‘भाऊसाहेबांची बखर’सारख्या बखरी. बखर रंगतदार असते, पण ती घटनेनंतर लिहिलेली असते. तारखा मागेपुढे होतात, संवाद रचलेले असतात. राजवाड्यांनी पुढ्यात ठेवली ती त्या त्या दिवशी लिहिलेली पत्रं: कुणाला नावा हव्यात, कुणाला पैसा, कुठे नदीला पूर आलाय, कोण कुठल्या मुक्कामावर आहे. बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान द्या, हा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच होता.

हे काम किती किचकट असतं याचा अंदाज यावा म्हणून थोडं सांगते. ही पत्रं मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, बोरू शक्य तितका न उचलता ओळ पुढे जाते. वाचायला शिकलात तरी पुढे तारीख असते. पत्राखाली ‘छ’ म्हणजे चंद्र, मग आकडा आणि मुसलमानी महिना, एवढंच बरेचदा असतं. वर्ष नसतं. असलं तर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं अरबी शब्दांत असतं. एक, साठ, शंभर, हजार अशी बेरीज करायची. सुहूर सन ११६१ आला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी १७६०-६१. हा सन मृगाला बदलतो, म्हणून कधी ५९९ तर कधी ६००. आणि वर्ष लिहिलेलंच नसेल, तर मजकुरातून काढायचं: पूर कधीचा, अमुक सरदार तेव्हा जिवंत होता का, छावणी कुठे होती. पत्र पोचल्यावर ‘पौ’, म्हणजे पैवस्ती, अशी खूण करून पावल्याची तारीख टाकलेली असेल तर नशीबच. मग पत्राला वाटेत किती दिवस लागले तेही कळतं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला पत्रं एकापाठोपाठ एक छापलेली दिसतात, म्हणून लिहिणारे समोरासमोर बसून बोलत होते असं वाटायला लागतं. तसं नसतं. आठ दिवसांपूर्वीची आज्ञा हातात पडते तेव्हा नदी वेगळी असते, शत्रू वेगळ्या जागी असतो.

तगाद्याची पत्रं

आता मुख्य मुद्दा. या खंडातली कितीतरी पत्रं सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली आहेत. गोविंद बल्लाळ खेर हे त्यांचं मूळ नाव. बुंदेलखंड आणि अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, पेशव्यांचा वसूल गोळा करणारे वयस्क मामलेदार. १७६० च्या उन्हाळ्यात भाऊंची फौज उत्तरेत उतरली तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा काय होत्या बघा: यमुना ओलांडायला नावा जमवा, पैसा पाठवा, धान्य पाठवा, शुजाउद्दौल्याला अब्दालीकडे जाऊ देऊ नका, शत्रूच्या पाठीमागे मुलुखात धामधूम करा. सगळं एकाच माणसानं, एकाच वेळी.

यातलं बरंचसं झालं नाही. यमुनेला पूर आला, भाऊंना ती ओलांडता आली नाही. जुलैत शुजा अब्दालीला मिळाला. पैसा पुरेसा आला नाही. भाऊंची पत्रं अधिकाधिक कडक होत गेली. ही पत्रं वाचून राजवाड्यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत पानिपतच्या पराभवाचा मोठा दोष गोविंदपंतांच्या माथी मारला: दिरंगाई केली, पैसा वेळेवर दिला नाही. मल्हारराव होळकरांनाही त्यांनी सोडलं नाही. प्रस्तावना जोरकस आहे, पल्लेदार आहे. ती वाचून संपली की बुंदेले दोषी आहेत याबद्दल शंका उरत नाही.

शंका इथेच घ्यायची असते. राजवाड्यांचं वाचन मला न पटण्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, पत्रव्यवहार एका दिशेचा आहे. मागणाऱ्याचा आवाज भरपूर ऐकू येतो, ज्याच्याकडे मागितलं त्याचा जवळपास नाही. तुमच्याच आयुष्यातलं उदाहरण घ्या. समजा शंभर वर्षांनी कुणाला तुमचा फोन सापडला आणि त्यात फक्त गाइडचे मेसेज शिल्लक आहेत. ‘प्रकरण दोन कुठे आहे?’ ‘मागच्या महिन्यात देणार होता ना?’ ‘अजून काहीच आलं नाही.’ तुमची उत्तरं पुसली गेलीत. घरी आजारपण होतं, ग्रंथालय बंद होतं, शिष्यवृत्ती अडकली होती, आणि प्रकरण तीन आधी द्या असं त्यांनीच सांगितलं होतं, यातलं काही उरलेलं नाही. तो शंभर वर्षांनंतरचा संशोधक तुमच्याबद्दल काय लिहील? मेसेज अस्सल आहेत. निष्कर्ष मात्र तुमच्यावर अन्याय करणारा आहे.

दुसरं, पत्राचा प्रकार. वरच्यानं वसुली अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र तगाद्याचंच असणार. पेशवाईत कर्ज आणि ओढाताण कायमची होती, त्यामुळे मामलेदाराला ‘शाबास, पैसा पोचला, आता आराम करा’ असं कोण लिहील? एखाद्या पत्रातला राग हा त्या माणसाबद्दलचा पुरावा आहे, की त्या प्रकारच्या पत्राची भाषाच तशी असते, हे ठरवायला त्याच कचेरीतून दुसऱ्या मामलेदारांना गेलेली पत्रं शेजारी ठेवावी लागतात. हे न करता राग मोजला, तर आपण रिवाजालाच आरोप समजून बसतो.

तिसरं, जमीन. ज्या दुआबातून बुंदेल्यांनी पैसा आणि रसद काढायची, त्याच भागात अब्दालीची छावणी होती आणि नजीबखानाचा जोर होता. लढाई सुरू असलेल्या मुलुखात वसूल होत नाही, हे कुठल्याही तलाठ्याला विचारलंत तर तो सांगेल. आणि शेवट पाहा. डिसेंबर १७६० मध्ये, म्हणजे १४ जानेवारी १७६१ च्या लढाईच्या काही आठवडे आधी, गोविंदपंत त्याच मुलुखात अब्दालीची रसद तोडायच्या कामावर असताना अफगाण तुकडीच्या अचानक छाप्यात मारले गेले. सांगितलेलं काम करताना म्हातारपणी जीव गेलेल्या माणसाला कामचुकार ठरवायचं असेल, तर पुरावा तेवढा भक्कम पाहिजे.

गोविंदपंत निर्दोष होते असं मी म्हणत नाही. त्यांनी पैसा दडवलाही असेल, वेळही काढला असेल. माझं म्हणणं एवढंच, की *या* पत्रांवरून ते ठरत नाही. पत्र अस्सल असणं आणि त्यातला मजकूर खरा असणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिली कागद, शाई, अक्षर, तारीख यांवर होते. दुसरीला समोरच्या बाजूची साक्ष लागते. राजवाडे पहिल्या परीक्षेचे आपल्याकडचे सर्वांत मोठे परीक्षक, पण इथे पहिली उत्तीर्ण झालेल्या कागदाला त्यांनी दुसरीचेही गुण देऊन टाकले.

तरीही राजवाडेच का वाचायचे

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे राजवाडे चुकीचे’ असं वहीत लिहून मोकळे होऊ नका. मी वर जे तीन आक्षेप घेतले ते कशाच्या जोरावर? राजवाड्यांनीच छापलेल्या पत्रांच्या जोरावर. त्यांनी फक्त आपला निष्कर्ष छापून पत्रं कपाटात ठेवली असती, तर आज आपल्याला त्यांच्याशी भांडताच आलं नसतं. त्यांनी पत्रं क्रमांक देऊन, तारखा लावून सगळ्यांसमोर ठेवली. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत ग्रंथ लिहिला, त्याआधी १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले. या सगळ्यातून पानिपतचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला गेला, आणि एकट्या बुंदेल्यांवर खापर फोडणारी मांडणी तशीच्या तशी टिकली नाही. हे शक्य झालं, कारण साधनं उघड्यावर होती. असे २२ खंड त्या माणसानं उभे केले.

आता याच्या उलट उदाहरण, तेही राजवाड्यांचंच. बीडकडच्या पाटांगण इथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे असा त्यांचा दावा होता. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेच्या आधारावर ज्ञानेश्वरीचं व्याकरणही लिहिलं. काम अफाट आहे, आजही अभ्यासक ते बाजूला टाकत नाहीत. पण मूळ पोथी आज पाहायला मिळत नाही. त्यामुळे ती खरंच किती जुनी होती, अक्षर कुठल्या काळाचं, कुठल्या जागी राजवाड्यांनी वाचलं आणि कुठे अंदाज केला, हे कुणालाच तपासता येत नाही. वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो मिटवणारा एकमेव साक्षीदार गायब आहे.

दोन्ही शोध एकाच माणसाचे. एका ठिकाणी तो चुकला, पण त्याची चूक दुरुस्त करता आली. दुसऱ्या ठिकाणी कदाचित तो बरोबर असेल, पण ते सिद्ध करता येत नाही. संशोधक म्हणून यातली कुठली अवस्था जास्त वाईट? मला विचाराल तर दुसरी.

तुम्हाला गाठोडं सापडलं तर

खानदेशात अजून जुनी घरं आहेत, माळे आहेत, मठ आहेत. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी महाराष्ट्रभरच्या रामदासी मठांतून पोथ्या आणि कागद गोळा केले, ते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. राजवाड्यांचा संग्रह मंडळात आहे. त्यामुळे तुमच्या वाट्याला कधीतरी गाठोडं येईलही. तेव्हा चार गोष्टी करा.

सोडायच्या आधी फोटो काढा. रुमालात कागद कुठल्या क्रमानं बांधले होते, वर काय होतं, खाली काय, हासुद्धा पुरावा असतो. एकदा सोडून पसरलंत की तो कायमचा गेला. कागद घरी नेऊ नका. ते त्या कुटुंबाचे आहेत. लेखी परवानगी घ्या, तिथेच फोटो काढा, आणि कुटुंबाला कुठल्या संस्थेत द्यायचे असतील तर पोच मिळवून द्या.

कागद तुमच्या गावाचा असेल तर त्याचे भाऊबंद कुठे शोधायचे हे जिल्ह्याच्या आजच्या नावावरून ठरवू नका. खानदेश हा १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. मग त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्यामुळे आज जळगाव जिल्ह्यात असलेल्या गावाचा एकोणिसाव्या शतकातला कागद शोधताना ‘जळगाव’ या नावाखालीच बघत बसलात, तर रिकाम्या हातानं परत याल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: एका वहीत *नसलेल्या* पत्रांची यादी करा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण करता येतं. जुन्या पत्रांत आधी आलेल्या पत्राची पोच द्यायची पद्धत होती. तुमचं पत्र पावलं, तुम्ही अमुक लिहिलंत ते कळलं, असं म्हणून मग उत्तर सुरू होतं. म्हणजे प्रत्येक पत्राच्या पोटात एका हरवलेल्या पत्राचा सारांश असतो. तो वेगळा काढा, तारखेनं लावा. समोरच्या माणसाचा आवाज थोडा तरी ऐकू यायला लागतो. मग तुमच्या प्रबंधात प्रामाणिकपणे लिहा की माझ्याकडे इतकी पत्रं याची आहेत, त्याची इतकीच आहेत, आणि म्हणून मी इथवरच बोलू शकते. परीक्षकाला हे वाक्य कमकुवत वाटेल अशी भीती बाळगू नका. चांगला परीक्षक आधी तेच शोधतो.

शेवटी पुन्हा त्या दोन मित्रांकडे. त्या चित्रातली एक गोष्ट मला पटते, ती म्हणजे तिथे *दोघं* असतात. १९१० साली पुण्यात राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. सापडलेला कागद तिथे चारचौघांसमोर वाचला जायचा, त्यावर वाद व्हायचे. एकट्यानं कागद शोधता येतो. पण ‘हे बुंदेल्यांचं म्हणणं कुठे आहे?’ असं विचारायला दुसरा माणूस लागतो. वाड्यात जाताना असा मित्र बरोबर न्या. तो त्रास देईल, घबाड म्हणून नाचू देणार नाही. त्याला सोडून जाऊ नका.